तांबडेरावांची भानगड

बसा, मुलांनो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्ची घ्या. ज्यांच्या घरी खरोखरची मुलं आहेत त्यांनी ती झोपवून या, कारण ही गोष्ट मोठ्या मुलांची आहे.

गोष्ट आहे एका जंगलातली. तिथे तांबडेराव नावाचे एक रानकोंबडे राहत असत. त्यांचा तुरा असा लालबुंद आणि ताठ, की ते बांबूच्या बेटातून चालू लागले की पळस फुलला असं वाटून भुंगे मागे लागत.

त्यांची बायको करडाबाई. रंगाने साधी, बोलायला तिखट. सकाळी तांबडेराव आरवले की ती म्हणे, "पुरे. सूर्य उगवला ते सगळ्यांना कळलं." मग दोघं मिळून किडे वेचायला जात. छान चाललं होतं.

जंगलात वडाखाली एक कट्टा होता. दिवसभराची कामं टाकून जंगलातले पुरुष तिथे जमत आणि विड्या ओढत. तांबडेरावही ओढत. करडाबाईला तो वास आवडत नसे. मग तांबडेराव तुळस चघळून घरी येत, आणि करडाबाईला विडी आणि तुळस असे दोन्ही वास येत.

एके दिवशी कट्ट्यावर ऊदशेठ आला. ऊदशेठ म्हणजे उदमांजर. अंगाला जन्मजात सुगंध, जिभेला लोणी. त्याच्या झोळीत रंगीबेरंगी नळ्या होत्या. ओढली की नळीतून पांढरे ढग निघत.

"ही विडी नव्हे, साहेब," ऊदशेठ म्हणाला. "धूर नाही, राख नाही. ही नुसती वाफ. वाफ तर भाताची पण निघते."

हे सगळ्यांना पटलं. भात कुणालाच कधी बाधला नव्हता. दंतोपंत रानडुकरांनी फणसाच्या वासाची नळी घेतली. तांबडेरावांनी करवंदाची.

वाफ आली म्हणून आता विडी सोडायची होती, पण ते राहूनच गेलं. विडी कट्ट्यावर आणि वाफ घरी, अशी वाटणी झाली. करडाबाईला वाटे, आपल्याकडे यंदा करवंदं लवकर आली.

पावसाळा गेला, थंडी आली. तांबडेरावांचा तुरा लालाचा भगवा झाला. भगव्याचा फिकट झाला. मग तो एका बाजूला कलला. फांदीवर उडून बसताना त्यांना धाप लागू लागली. पंजे गार पडू लागले.

आणि मुलांनो, नवराबायकोत जे सुखाने व्हायचं, ते होईना. मन तयार असे. शरीर ऐकत नसे.

"आज फार दमलोय," तांबडेराव म्हणत. कधी म्हणत, "आज वारा फार आहे." कधी म्हणत, "आज अमावस्या आहे."

"काल पण अमावस्याच होती," करडाबाई म्हणाली.

मग ती गप्प राहू लागली. करडाबाईने गप्प राहणं ही साधी गोष्ट नव्हती. शेवटी एका दुपारी तिने विचारलं, "ओढ्यापलीकडे ती ठिपक्याठिपक्यांची राहते, ती कोण?"

तांबडेरावांनी 'छे छे' म्हणायला चोच उघडली आणि तशीच ठेवली. नाही म्हटलं तर करडाबाई विचारणार, मग कारण काय? त्याचं उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं. ते नुसतेच खाकरले.

त्या खाकरण्याचा अर्थ शेजारच्या चिमणीने लावला आणि सूर्य मावळायच्या आत तो कट्ट्यावर पोचला.

"वा, तांबडेराव!" दंतोपंतांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "या वयात भानगड! आम्ही तुम्हाला साधे समजत होतो."

सगळे त्यांच्याकडे कौतुकाने बघू लागले. सांबराने सरकून जागा दिली. तांबडेरावांनी नकार दिला नाही. होकारही दिला नाही. नळीचा एक लांब झुरका घेतला आणि ढगाआड हसले. आपण नालायक आहोत यापेक्षा आपण बदफैली आहोत, हे त्यांना कितीतरी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा करडाबाई पळसाच्या पानात दाणे बांधत होती.

"कुठे निघालीस?"

"आईकडे. तुम्ही ओढ्यापलीकडे मोकळे."

"अगं, थांब."

"नाव सांगा तिचं. तेवढं ऐकते आणि जाते."

"कुणी नाही गं."

"मग सगळं जंगल खोटं बोलतं?"

तांबडेरावांनी मान खाली घातली. तुरा डोळ्यावर आला. तो बाजूला करायचंही त्यांना सुचलं नाही.

"कुणी असती," ते म्हणाले, "तर तिचीही निराशाच झाली असती."

करडाबाईचे पंख पानावरच थांबले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. फिकट तुऱ्याकडे पाहिलं. मग तिला एकदम कळलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच? माझं सगळं संपलं, आणि तू एवढंच म्हणतेस?"

करडाबाई हसू लागली. हसता हसता तिचं एक पीस गळलं. आणि मग ती रडू लागली.

"मला वाटलं, माझ्याकडेच आता बघवत नाही," ती म्हणाली. "रोज ओढ्यावर जाऊन पाण्यात स्वतःलाच न्याहाळत होते मी. कुठे काय बिघडलंय ते शोधत होते."

हे तांबडेरावांच्या डोक्यातही आलं नव्हतं. इतके दिवस ते आपली अब्रू सांभाळत होते. ती कुणाच्या जिवावर सांभाळली जातेय, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते तिच्या शेजारी बसले आणि पळसाच्या पानाची गाठ सोडू लागले.

तिथून दोघं गेले डॉक्टर साळुंक्यांकडे. साळुंकेबाई साळिंदर होत्या. तपासायला जवळ आल्या की पेशंट आपोआप सरळ बसत.

"विडी?" त्यांनी विचारलं.

"अगदी कधीतरी. कट्ट्यावर."

"कट्ट्यावर कधी जाता?"

"रोज," करडाबाई म्हणाली.

"आणि ही नळी?"

"ती नुसती वाफ आहे हो. करवंदाची."

"करवंदाबरोबर त्यात निकोटीन आहे," साळुंकेबाई म्हणाल्या. "त्याने रक्तवाहिन्या आवळतात. विडीचा धूर त्या आतून खराब करतो. तुम्ही दोन्ही करता. तुरा ताठ राहायला रक्त लागतं, तांबडेराव. तेही तसंच. नुसत्या इच्छेने भागत नाही."

तांबडेराव कानकोंडे झाले.

"लाजू नका. तिथल्या वाहिन्या बारीक, म्हणून आधी तिथे कळतं. हृदयाच्या त्याहून रुंद. त्या उशिरा सांगतात आणि मग निवांत बसून सांगत नाहीत. तुमचं नशीब, की आधी तुरा बोलला."

"काही चूर्ण वगैरे?"

"आधी नळी इथे ठेवा. विडी बंद. रोज चालायचं. साखर आणि रक्तदाब तपासू, कारण दर वेळी विडीच दोषी असते असं नाही. लागलं तर औषधही देईन. पण नळी आधी."

मुलांनो, नळी ठेवणं सोपं होतं. त्यानंतरचे दिवस अवघड होते. तांबडेराव चिडचिडे झाले. भर दुपारी आरवू लागले. स्वतःच्या सावलीला टोचू लागले. एकदा वारुळामागे दंतोपंतांच्या नळीचे चार झुरके घेऊन आले, आणि करडाबाईला लगेच फणसाचा वास आला.

ती ओरडली नाही. "उद्यापासून पुन्हा," म्हणाली आणि त्यांना चघळायला आवळा दिला.

हळूहळू धाप कमी झाली. पंजे उबदार झाले. तुऱ्यात रंग भरला. आणि एका सकाळी... पुढचं मी सांगणार नाही. काही दिवसांनी घरट्यात अंडी दिसली, एवढं पुरे.

तांबडेरावांना वाटलं, मित्रांनाही हे सांगायला हवं. ते कट्ट्यावर गेले आणि सरळ उभे राहिले.

"मित्रांनो, भानगड नव्हती. माझा तुरा पडला होता. विडीने आणि या वाफेने. डॉक्टरांकडे गेलो, सोडलं, बरा झालो. तुमच्यापैकी कुणाला तसं काही होत असेल तर..."

सांबर आपल्या नळीकडे बघू लागलं. दंतोपंतांचे कान लाल झाले. त्यांनी तोंड उघडलं. क्षणभर वाटलं, आता बोलतील.

"लपवतोय लेकाचा!" दंतोपंत म्हणाले. "ओढ्यापलीकडचं प्रकरण अंगाशी आलेलं दिसतंय!"

सगळे हसले. जरा जास्तच मोठ्याने हसले.

त्या संध्याकाळी दंतोपंतांच्या बायकोने त्यांना विचारलं, "हल्ली तुम्ही रोजच कसे दमता?" दंतोपंत नुसतेच खाकरले.

सकाळी जंगलभर बोभाटा झाला, की दंतोपंतांचं पलीकडच्या टेकडीवर कुणीतरी आहे. मग सांबराचं कळलं. मग वानराचं. मग म्हाताऱ्या अस्वलाचंही कळलं, ज्याला टेकडी चढवत नव्हती. डॉक्टर साळुंक्यांच्या दवाखान्यामागच्या झुडपात रोज कुणी ना कुणी घुटमळे, इकडेतिकडे बघे, आणि परत जाई.

जंगलाचा दरारा वाढला. शेजारच्या जंगलातले बाप आपल्या लेकींना या बाजूला पाठवेनात. ऊदशेठने केवड्याच्या वासाची नवी नळी आणली आणि तिचं नाव ठेवलं 'रंगेल'. ती हातोहात खपली.

त्या वर्षी जंगलात एकही पाडस जन्मलं नाही. एक पिल्लू नाही, एक बछडा नाही. फक्त करडाबाईच्या मागे पिवळ्या पिलांची एक लांबलचक रांग चिवचिवत चालली होती, आणि रांगेच्या शेवटी तांबडेराव.

कट्ट्यावरच्यांनी ढगांतून त्यांच्याकडे पाहिलं.

"बिचारा," दंतोपंत म्हणाले. "एका बायकोतच अडकला."

तात्पर्य: मुलांनो, विडीने आणि वाफेने पुरुषाची कीर्ती दूरवर पसरते. फक्त ती खरी करून दाखव, असं त्याला कुणी म्हणू नये.