पानावरचा हरण्या

भात, सांबार, रसम, दोन भाज्या, पापड

पान समोर आलं, पाण्याचा हबका मारून पुसलं गेलं, वाढपी भाताची बादली घेऊन वळला, आणि तेवढ्यात तोतारामभाऊंनी पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"आबा, खाली ठेवा. वाढताहेत," ललित म्हणाला.

"थांब."

"लोक बघताहेत."

"पाहू दे. मीबी पाहूच राह्यलो."

त्रिचीच्या त्या मेसमध्ये साडेअकरालाच गर्दी होती. प्रत्येक खुर्चीमागे एकेक माणूस उभा होता आणि समोरच्याचा घास मोजत होता. तोतारामभाऊंच्या मागेही एक उभा होता. कपाळावर विभूती, बगलेत छत्री.

तोतारामभाऊ जामनेर तालुक्यातले केळीवाले. चाळीस वर्षं केळी लावणाऱ्याला केळीच्या पानात ताट दिसत नाही, झाड दिसतं. या पानावर मधल्या शिरेपासून कडेपर्यंत फिकट पिवळे पट्टे होते.

"हरण्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला की शेजारी आधीच जेवायला बसलेल्या त्यांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, सांबारभात थांबवून वर पाहिलं.

हरण्या म्हणजे केळीवरचा विषाणू. आधी पानावर पट्टे उठतात, मग पोंगा, म्हणजे मधलं कोवळं गुंडाळलेलं पान, सडतो, आणि मग झाड उपटून जाळण्याखेरीज काही उरत नाही. मागच्या पावसाळ्यात तोतारामभाऊंनी स्वतःच्या हाताने अठ्ठावीसशे झाडं जाळली होती.

त्यांनी पानाची गुंडाळी केली आणि ती बगलेत धरली.

पान मिटलं म्हणजे जेवण झालं, हा तिथला कायदा. वाढप्याने बादली पुढच्याकडे नेली. मागच्या छत्रीवाल्याने तोतारामभाऊंच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला आणि ते उठायच्या आत बसायला सुरुवात केली.

"सुगंधा, ऊठ."

"मी नही उठत. माह्या पानाले काही नही झालं."

"पाहू दे." त्यांनी तिच्या पानाची कड वर केली. सांबार उताराला लागलं.

"अजून एकदा हात लावा," सुगंधाबाई म्हणाल्या, "मंग दाखवते पट्टे."

फिल्टर कॉफी, दोन (दोन्ही सुगंधाबाईंनी घेतल्या)

पानाचं काय एवढं, असं कोणीही विचारेल. ललितनेही विचारलं. दोन वर्षांपूर्वी वरणगावच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातून त्याची बदली इथल्या शस्त्रांच्या कारखान्यात झाली होती. आईवडील पहिल्यांदाच आले होते. आज त्यांचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचची गाडी, म्हणून त्याने रजा काढली होती. शहर खाऊ घालायचं असं ठरवून.

"पानाचं काही नही," तोतारामभाऊ म्हणाले. "बॅगीतल्या कंदाचं हाये."

पायाशी ठेवलेल्या बॅगेत जुन्या साडीत गुंडाळलेले तीन कंद होते. ललितच्या फोरमनने आठवड्यापूर्वी रस्ताळी जातीचा घड पाठवला होता. तोतारामभाऊंनी एक केळं खाल्लं आणि लगेच दुसरं सोललं. दुसऱ्या दिवशी फोरमनने गावाकडे लावायला म्हणून त्याच जातीचे तीन कंद दिले.

"कोणाच्या बागीतले हायेत ते?"

"माहीत नाही. साहेबांनी कोणाकडून तरी आणलेत."

"लाव फोन."

"त्यांचा फोन गेटवर जमा असतो, आबा. आमच्यात आत नेता येत नाही. वरणगावलाही नव्हता येत. पाचला सुटतील."

"पाचले तं आपली गाडी!"

"मग टाकून द्या कंद."

तोतारामभाऊंनी मुलाकडे असं पाहिलं, की त्याने जणू आईला टाकून द्यायला सांगितलं होतं.

पान आणि कंद एकाच बागेतले असले तर? बॅगेतून हरण्या गावात जाणार. नसले तर? तसं केळं पुन्हा कुठे मिळणार? त्यातून एक गोष्ट त्यांनी ललितला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी गावाने ठराव केला होता की बाहेरचा एकही कंद शिवारात येणार नाही. ठराव मांडणारे शालिग्रामनाना. अनुमोदन देणारे तोताराम.

म्हणून त्यांनी चूक केली. खात्री करून घ्यायला फक्त पानाचा फोटो शालिग्रामनानांना पाठवला. मिनिटात फोन आला.

"हरण्याच. पक्का. कोठी सापडला?"

"त्रिचीले. जेवाच्या पानावर."

"पानाचं जाऊ दे. कंद तं नही ना घेतले?"

तोतारामभाऊंनी बॅग पायाने मागे सरकवली.

"तोताराम?"

"आवाज कटू राह्यला, नाना."

"आवाज चांगला हाये. किती घेतले?"

"...तीन."

सुगंधाबाईंनी दुसरी कॉफी पितळी वाटीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत ओतली. हात वर, फेस खाली. त्यांना ते जमायला लागलं होतं.

रोझ मिल्क

मेसवाल्याने त्याला केळीची पानं पुरवणाऱ्या, बाजारातल्या पानवाल्याचं नाव दिलं. बाजारात पानांच्या भिंती होत्या. माणसाच्या उंचीच्या, हिरव्या, ओल्या. तोतारामभाऊ दारातच थबकले. इतकी पानं आणि एकही घड नाही. त्यांच्या गावात कोणी पानासाठी केळ तोडली असती तर पंचायत बसली असती.

ललितला तमिळ कळायची बरीच, पण बोलता यायची कारखान्यापुरती. नट, बोल्ट, शिफ्ट, रजा. त्यातूनच त्याने वाक्य जुळवलं आणि पान पुढे केलं. पानवाल्याने ते उलगडलं, हुंगलं आणि चिडून बोलू लागला.

"काय म्हनते तो?"

"म्हणतो, पुसलेलं पान परत घेत नाही."

"परत नही देऊ राह्यलो! कोन्या बागीतलं ते इचार!"

"तेच विचारतोय. त्याला वाटतं आपण तक्रार करतोय."

"करूच राह्यलो!"

समोरच्या गाडीवरून गुलाबी दुधाचा ग्लास घेऊन सुगंधाबाई आल्या. त्यांनी पानवाल्याला ग्लास दाखवून मान डोलावली, फार छान आहे अशी. पानवाला हसला. मग त्या भिंतीजवळ गेल्या, एकेक जुडी बोटाने उघडत चालल्या आणि पाचव्या जुडीपाशी थांबल्या. तेच फिकट पट्टे.

"ही कोनाची?" त्यांनी चक्क आपल्या गावाकडच्या तावडी बोलीत विचारलं.

"थंगवेलू," पानवाला म्हणाला आणि पश्चिमेला हात केला. कावेरीच्या काठचं गाव. बारा किलोमीटर.

अडीच वाजले होते. तोतारामभाऊंच्या पोटात सकाळपासून चहा सोडून काही नव्हतं.

काही नाही

(रिक्षात. गावच्या ग्रुपवरचे आवाज.)

शालिग्रामनाना: "तोताराम, मी ग्रुपवर टाकलं. रागावू नको. गावाचा प्रश्न हाये."

मगन: "भाऊ, कंद वर्ध्यालेच उतरवून द्या. अठी नका आनू."

पुना: "माही बाग तुमच्या बांधाले लागून हाये, भाऊ. लेकराबाळाचा इचार करा."

शालिग्रामनाना: "जामनेर स्टँडवर तीन मानसं उभे करतो. बॅगा पाहतीन. वहिनीचीबी."

"माही बॅग?" सुगंधाबाईंनी फोन हिसकावून घेतला. "नाना, तुम्ही हात तं लावा बॅगले. मंग तुम्हालेच लावते बांधावर."

"पाठवलं का ते?" तोतारामभाऊंनी घाबरून विचारलं.

"पाठवलं."

दहीभात, तळलेल्या मिरच्या

थंगवेलू साठीचा, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेला. पाहुणे महाराष्ट्रातून आलेत एवढं कळताच त्याने बायकोला हाक मारली. सुगंधाबाई ओसरीवर बसल्या न बसल्या तोच समोर दहीभात आला. तोतारामभाऊ मात्र उभेच होते. त्यांचे डोळे कुंपणापलीकडे, बागेच्या कोपऱ्यात लागले होते. साठेक झाडं, पानोपान पट्टे.

"रस्ताळीचे कंद दिले का इचार. फोरमनले."

ललितने विचारलं. थंगवेलूने मान हलवली. त्याच्याकडे रस्ताळी नव्हतीच. कधीच नव्हती.

तोतारामभाऊ मटकन ओसरीवर बसले. कंद स्वच्छ होते. गाव वाचलं होतं, केळं वाचलं होतं, सव्वातीनच वाजले होते. थंगवेलूच्या बायकोने त्यांच्यापुढेही पान मांडलं. ललितने निःश्वास सोडला. पण तो लवकर सोडला.

"त्याले सांग," तोतारामभाऊ म्हणाले, "ते साठ झाडं आजच उपट म्हना."

"आबा, चला."

"नही सांगलं तं बठ्ठी बाग जाईन त्याची."

"तो आपल्याला जेवू घालतोय!"

"म्हनूनच सांग."

ललितकडे यासाठी तमिळ शब्द नव्हते. त्याने बागेकडे बोट दाखवलं, गळ्यावरून हात फिरवला आणि कारखान्यातला एकच शब्द वापरला. "रिजेक्ट."

थंगवेलूच्या बायकोने भाताचा डाव हवेतच धरून ठेवला. थंगवेलू सावकाश बोलू लागला. ललित ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला.

"त्याला माहीत आहे, आबा. दोन वर्षांपासून. दरवर्षी म्हणतो उपटेन. पण ज्याने हे कंद दिले त्याने फार मायेने दिले. शाल दिली, नारळ दिला. याने रेल्वेत दोन रात्री कंद मांडीवर घेऊन आणले. असं दिलेलं उपटायचं कसं, म्हणतो."

"कोनं दिले?"

थंगवेलूने आतून फोन आणला. तीन वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांची सहल गेली होती, तेव्हाचा फोटो. "जलगाम," तो म्हणाला आणि छातीला हात लावला.

फोटोत एक माणूस पांढऱ्या टोपीत, दोन्ही हातांनी कंदांची गोणी पुढे करत, कॅमेऱ्याकडे पाहून हसत होता.

"अगं माय," सुगंधाबाई म्हणाल्या. "हे तं आपले नाना!"

तोतारामभाऊंनी फोटो जवळ घेतला, दूर धरला. मग शांतपणे स्वतःच्या फोनवरून शालिग्रामनानांना व्हिडिओ कॉल लावला.

"तोताराम!" नाना पडदाभर आले. मागे चारसहा माणसं जमली होती. "मी तुले शेवटचं सांगतो, हरण्या पसरवनारा मानूस गावाचा दुश्मन..."

तोतारामभाऊंनी फोन वळवला.

"अय्या!" थंगवेलू ओरडला, आपल्याकडे 'साहेब' म्हणतात तसं. "जलगाम अय्या!" त्याला रडू येत होतं की हसू, हे कळत नव्हतं. तो फोन घेऊन बागेत धावला. नानांना त्यांचीच झाडं दाखवू लागला, एकेक करून. पट्टे पडद्यावरून सावकाश सरकत गेले.

नानांनी टोपी पुढे ओढली. मागून मगनचा आवाज आला, "कोन हाये नाना?"

"कोनी नही. तू जाय, पंप पाह्य. बठ्ठे जा रे. कॉल घरातला हाये."

दार लागल्याचा आवाज आला.

"नाना," तोतारामभाऊ म्हणाले, "ह्याले तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दाबिगर तो उपटत नही."

नानांना तमिळ येत नव्हती. त्यांनी फोन कशाला तरी टेकवला, दोन्ही हातांत अदृश्य खोड धरलं आणि मुळासकट उपटून बाजूला टाकलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांची टोपी पडली. थंगवेलू ताठ उभा राहून पाहत होता. मग त्याने हात जोडले, डोळे पुसले आणि बायकोला कुऱ्हाड आणायला सांगितलं.

"तोताराम," नाना हळूच म्हणाले.

"बोला."

"ते तुहे कंद... आनजो तू."

"अन् ठराव?"

"ठराव मीच मांडला ना? पाहतो मी. फक्त तो फोटो..."

"कोनता फोटो, नाना?"

"तू शहाना मानूस हाये," नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

चारला दहा मिनिटं कमी होती. ललितने रिक्षा बोलावली. तोतारामभाऊंनी बॅग उघडली, साडी सोडली आणि तिन्ही कंद मुलाच्या हातात दिले.

"तुह्या क्वार्टरच्या मांगे लाव."

"आबा, कंद चांगले आहेत! नानाही आता आणा म्हणतात!"

"म्हनूनच नको." त्यांनी कोपऱ्यातल्या झाडांकडे पाहिलं. पहिलं झाड आडवं होत होतं. "ह्याचेबी त्या दिवशी चांगलेच दिसले असतीन."

मग ते पानापुढे बसले आणि सात मिनिटांत तीनदा भात घेतला. पान उजेडात धरलं नाही.

चहा, जामनेर स्टँड

गाडी चारअठ्ठावन्नला पकडली. चेन्नई, वर्धा, भुसावळ. तिसऱ्या दिवशी दुपारी जामनेरला एसटीतून उतरले तर स्टँडवर खरोखरच तीन माणसं उभी होती. मगन सर्वांत पुढे, हात पुढे केलेला.

पण त्याच्याही पुढे शालिग्रामनाना होते.

"बॅगले कोनी हात लावाचा नही," ते म्हणाले. "मी सोता पाह्यली. माही जबाबदारी."

"नाना, तुम्ही कधी पाह्यली?" मगन म्हणाला. "ते तं आत्ता उतरले."

"जबाबदारी म्हनलं ना?"

सर्वांना चहा पाजून नानांनी बॅग खांद्यावर घेतली. ते जरा वाकले. "तीनच ना रे?" ते तोतारामभाऊंच्या कानात पुटपुटले. "वजन तं दहाचं लागू राह्यलं."

तोतारामभाऊंनी तोंड उघडलं. सुगंधाबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. कंदांच्या जागी त्यांनी त्रिची स्टेशनबाहेर घेतलेला दगडी खलबत्ता होता, सात किलोचा. तो कोणीतरी घरापर्यंत न्यावा याची काळजी त्यांना तीन दिवस लागली होती.

नानांनी बॅग रिक्षात ठेवू दिली नाही. मांडीवरच घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"हळू चालव रे," त्यांनी रिक्षावाल्याला बजावलं. "कोंब मोडतीन."