डब्याची उलटतपासणी

भिकूकाकांच्या घरात बिस्किटाचा पुडासुद्धा जबानी दिल्याशिवाय शिरत नाही. पार्से गावात आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ जन्मभर कोर्टात कारकून होते. निवृत्तीनंतर आरोपी मिळेनासे झाले, म्हणून ते पुड्यांवर घसरले. पुडा टेबलावर उभा करायचा, चष्मा कपाळावरून खाली घ्यायचा, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "साक्षीदार कोण?"

बारीक इंग्रजी वाचायला मला बोलावतात. मी फारशी बोलत नाही, ही त्यांच्या मते माझी सर्वांत मोठी पात्रता. "तू वाच गो. मत दिऊ नको."

त्या दिवशी टेबलावर वजन कमी करायच्या पावडरीचा डबा उभा होता. त्यांच्या बायकोनं, शालिनीकाकींनी, म्हापशाहून आणवलेला. मागच्या चवथीत गणपतीसमोर त्या फुगडीला उठल्या, तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, "काकी, तू बसून गाणां म्हण, जमीन हालता." काकीही हसल्या होत्या. पण नंतर कुठल्याच घरी उठल्या नाहीत. ह्या चवथीला बारीक होऊन उठायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"गार्सिनिया," मी वाचलं. फोनवर पाहून सांगितलं, "कोकमाच्या जातीतलं फळ."

"भिरंडां! परसात कुसतत ती!"

"ग्रीन कॉफी. आणि एक खास मिश्रण. त्यात काय, किती, ते लिहिलेलं नाही."

"नाव नाय, गाव नाय, आनी घरात शिरता? फुडे."

"डॉक्टरांची शिफारस."

"खंयचो डॉक्टर? साक्षीदार कोण?"

आधीच्या आणि नंतरच्या फोटोंतल्या बाईचे कान त्यांनी निरखले. "कान बदलतत काय गो? ही बायल दुसरी." तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: योग्य आहार व रोजचा व्यायाम आवश्यक. "मगे गूण पावडरीचो की चालण्याचो?"

निकाल लागला, डबा घराबाहेर. काकींनी तो उचलून फडताळात ठेवला. "तुमका काय जाता? तुमी सुकी काठी. सगळ्यांकडे साक्षीदार मागतात. ह्यानं माका वायट जातलां, म्हणपाक तुमचो साक्षीदार कोण?"

काकांनी चष्मा परत कपाळावर चढवला आणि थांबवायला हात आडवा धरला. "मातशी रव," ते म्हणाले. "चौकशी चालू आसा. तवसर खाव नको."

त्यानंतर काका विचित्र दिसू लागले. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा. मध्यरात्री अंगणात फेऱ्या मारायचे. काकींना वाटलं, साखर झाली. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून जुनी औषधं गोळा करायला त्यांनी फडताळ उघडलं, तर डबा अर्ध्यावर.

"ह्यां कोणी खाल्लां?"

"छाती धडधडता, झोप येना, पोट रवना," कपातल्या चहाकडे बघत काका म्हणाले. मग हळूच, "साक्षीदार मी."

"पिसे जाल्यात काय तुमी?" काकी ओरडल्या. बराच वेळ ओरडल्या. मग उरलेली पावडर माडाच्या मुळात ओतली आणि काकांना पेज वाढली.

"माड बारीक जालो तर?" काकांनी विचारलं.

"गप जेवा."

चवथ आली. काकी फुगडीला उठल्या, होत्या तेवढ्याच. कोणी काही बोलायच्या आत काकांनी खुर्ची ओढून पुढे मांडली, कपाळावरचा चष्मा खाली घेतला, आणि ते जमलेल्या एकेका तोंडाकडे बघत बसले. बायकांनी फुगडीचं गाणं धरलं.

जमीन थोडी हलली असेल. मला मत द्यायला बोलावत नाहीत.