टायरला कान लावणारे धकाते

टायरच्या दुकानात गेलेला माणूस टायर बघतो, भाव विचारतो, फार तर अंगठ्यानं दाबून पाहतो. आमचे शेजारी भगवानराव धकाते टायरला कान लावत. उजवा कान, पूर्ण टेकवून. टायर फरशीवर आडवा पडलेला असेल तर तेही फरशीवर आडवे. मग बोटाच्या पेरानं त्यावर दोन टिचक्या मारायच्या, डोळे मिटायचे आणि दुकानदाराला सांगायचं, "हा नाही. याचा गळा बसला आहे."

नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका दुकानदारानं शेवटी हात जोडले. "साहब, टायर लेना है कि लड़की देखने आए हो?"

भगवानराव कपड्यांची धूळ झटकत उठले. "लड़की देखने में इतना टाइम नहीं लगा था," ते म्हणाले, आणि शेजारच्या दुकानात शिरले.

मागोमाग मी. मी शाळेत भूमिती शिकवणारा सरळ माणूस. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. भगवानरावांबरोबर फिरून त्यावरचा माझा विश्वास उडायची वेळ आली. नागपुरात टायरचं असं एक दुकान उरलं नव्हतं, जिथं आम्ही दोनदा गेलो नव्हतो. स्कूटर माझी, पेट्रोल माझं, आणि दुकानदारांच्या टोमण्यांत निम्मा वाटाही माझा.

भगवानराव पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. पेन्सिलीला इतकं टोक काढत की त्या टोकानं काटा निघावा. घर मूळचं उमरेडचं, पिढीजात विणकरांचं. माग सुटून जमाना झाला, पण बोटांची सवय काही सुटली नव्हती. कोणाच्याही अंगावरचा सदरा चिमटीत धरून ते म्हणत, "पोत पाह्य, पोत." एकदा आमच्या हेडमास्तरांचं धोतर त्यांनी असं भर लग्नात तपासलं होतं. तेव्हापासून हेडमास्तर लग्नाला पँट घालून येऊ लागले.

तर टायर हवे होते ते त्यांच्या गाडीला. गाडी घेतली तो सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. ती छोटी, मागून डब्याच्या झाकणासारखी उघडणारी गाडी रस्त्यावर नुकती दिसायला लागली होती. भगवानरावांनी नाव नोंदवून ठेवलं होतं, त्यांचा नंबर लागला. गाडी लालभडक. घरी आणल्यावर त्यांनी पट्टी आणि गुण्या घेऊन तिच्या टपावरून दोन काळे पट्टे ओढले, एका सुताचा फरक नाही. "रेसची गाडी आहे मास्तर," ते मला म्हणाले. ही रेसची गाडी ते ताशी तीसच्या वर नेत नसत. बैलगाडी ओलांडायची झाली तर आधी गाडीवानाला विचारत.

आणि ते गाडीशी बोलत. पुटपुटत नव्हते, चांगलं खणखणीत बोलत. सकाळी साडेसहालाच सुरू होई. "चाल वं राणी. सकाळी सकाळी नखरे नोको करू. इकडं सरक थोडी. मास्तरच्या कुंडीले धक्का नोको मारू, मास्तर मंग तोंड फुगवते." खिडकीमागे मास्तर ऐकत असे. त्या राणीनं माझी तीन वर्षांची साखरझोप घालवली.

दर रविवारी सकाळी ही राणी उमरेडला जाई. तिथं भगवानरावांच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, तशी ही त्यांची बाई. वडील गेल्यावर हीच मागावर बसली, लुगडी विणली आणि धाकट्या भावाला शिकवलं. पुढं काचबिंदू झाला आणि दोन्ही डोळे गेले. भगवानरावांनी नागपूरला ये म्हणून पाय धरले, पण ती आली नाही. "तुह्या सिमेंटच्या घरात मले भिंती नाही सापडत," म्हणे. मग भगवानरावांनीच नेम धरला, रविवार म्हणजे उमरेड. पाव्हणे येवोत, ताप येवो, नेम मोडला नाही.

मोडायची वेळ टायरांनी आणली. चारही टायर घासून गुळगुळीत झाले होते आणि भगवानराव ते बदलत नव्हते. एका रविवारी उमरेड रोडच्या वळणावर, मुरुमावरून गाडी अशी घसरली की तोंड नागपूरकडे झालं. "गाडीलेच घरी यावंसं वाटलं," भगवानरावांनी नंतर सांगितलं. त्यांच्या पत्नी कमलावहिनी तेव्हा शेजारच्या सीटवर होत्या.  घरी आल्यावर त्यांनी किल्ली घेतली आणि तांदळाच्या कोठीत खोल पुरून टाकली.

"नवे टायर येतपर्यंत गाडी निघाची नाही," त्यांनी मला साक्षीला बोलावून सांगितलं. "बाईले भेटा, रोज भेटा. एस. टी.नं जा. पन ह्या टकल्या टायरवर नाही. मास्तर, तुमीच घेऊन जा ह्यायले दुकानात. म्या एकटीनं किती बोलाचं?"

मला वाटलं, एका शनिवारचं काम. चार महिने गेले.

कारण भगवानरावांना नुसता टायर नको होता. त्यांना जुन्या आवाजाचा नवा टायर हवा होता. बायका ब्लाउजपीस मिळवायला लुगडं घेऊन जातात, तसे ते नमुन्याला जुना टायर घेऊन निघत. माझ्या स्कूटरवर, माझ्या मागे, मांडीवर टायर. सिग्नलला लोक म्हणत, साहेब, पंक्चरवाला मागे राहिला. दुकानात पोचलं की आधी जुना टायर दारापुढच्या मुरुमावरून घरंगळत सोडायचा, मग नवा. सोडणारा मी. भगवानराव दहा पावलांवर उकिडवे बसून, डोळे मिटून ऐकणार.

"घुर्र करते. आपला खर्र करते."

"भगवानराव, लोक आवाज न करणारा टायर मागतात."

"मागू द्या ना. घाई नोको करू गा मास्तर."

तेव्हा नव्या धर्तीचे रेडियल टायर आले होते. दुकानदार मोठ्या कौतुकानं दाखवत. लोण्यासारखी चालेल, पोटातलं पाणी हलणार नाही. भगवानराव ते घरंगळताना ऐकत आणि तोंड कडू करत. "मुका आहे," म्हणत. एवढाच शेरा.

एका शनिवारी माझं डोकं फिरलं. आम्ही वाडीला गेलो होतो. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं, पुरुषभर उंचीचे ट्रकचे टायर, त्यांच्यामध्ये आमचा पोळपाटाएवढा नमुना. गोदामवाल्यानं फाटलेल्या टायरचा तुकडा दाखवून आतल्या नायलॉनच्या दोऱ्याची महती सांगायला घेतली. भगवानरावांनी तुकडा हातात घेतला, नखानं दोरे मोजले आणि त्याला तिथल्या तिथं सांगितलं की या बाजूला ताणा, म्हणजे उभा धागा, सैल पडला आहे. "मी कोष्ट्याचा पोरगा. मले धागा शिकवून राहिला." ट्रकचे ड्रायव्हर जमले, गोदामवाल्यानं दुसरा तुकडा आणला, तिसरा आणला. तासभर तिथं टायरची परीक्षा चालू होती आणि मी उन्हात टायर घरंगळत सोडत होतो. सातवा टायर मी सोडलाच नाही, त्यावर बसलो.

"पुरे," मी म्हणालो. "मी आता टायर सोडणार नाही आणि स्कूटरही काढणार नाही. काहून पाहिजे तुम्हाला तोच आवाज? सांगा, नाही तर बसा इथंच वाडीला ट्रकवाल्यांत."

 भगवानराव पलीकडच्या टपरीवर गेले, दोन चहा सांगितले. चहा आला. मी आपला फुंकर मारत बसलो.

"किल्ली कोठीत गेल्यावर पहिल्या रविवारी एस. टी.नं गेलो ना मी," ते म्हणाले. "ओट्यापाशी जाऊन उभा राह्यलो. बाईनं मान वर केली अन् म्हणे, कोण व्हय?"

मी कप खाली ठेवला.

"मले म्हणे, मास्तर. कोण व्हय म्हणे. परक्या मानसाले विचारते तसं. तोंडातून शब्दच नाही फुटला मह्या. मंग तिनं हात लावला, तवा समजलं तिले. आता दर रविवारी भगवान आलो म्हणून सांगा लागते मले. गाडीनं गेलो का असं कधी नव्हतं होत. गाडी वेशीच्या आत शिरली का ती ओट्यावर उठून उभी राहे. मले म्हणे, तू दुरूनच ओळखू येते. तिथल्या एका व्यापाऱ्याकडं अशीच गाडी आहे, हेच इंजिन. त्याले नाही उठत ती. म्हणजे आवाज टायरचाच असला पाहिजे ना? आमच्या आळीत पंधरा माग चाले. कोणता माग कोणाचा, बाई आवाजावरून सांगे. तिचा कान चुकत नाही गा."

ड्राफ्ट्समनचा हिशेब होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मला माझीच लाज वाटली. मी उठलो आणि सातवा टायर सोडला. आठवा सोडला. अकराव्याला भगवानरावांनी डोळे उघडले.

"उन्नीस-बीस," ते म्हणाले. "पन चालते."

"साहब, ये टायर आवाज बहुत करता है," गोदामवाला प्रामाणिकपणे म्हणाला. त्याच्या गोदामात तो सगळ्यात कमी खपणारा माल असावा. भगवानरावांनी तसले चार घेतले.

वहिनींनी तांदूळ उपसून किल्ली काढली. रविवारी मलाही गाडीत बसवलं. एवढे टायर घरंगळवले, तर निकाल ऐकायला यायलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. निघताना भगवानरावांनी आम्हाला सांगून टाकलं की उमरेड येईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. त्यांना टायर ऐकायचे होते. स्वतःही ओठ घट्ट मिटून बसले. दीड-दोन तासांच्या रस्त्यात त्या गाडीत एक शब्द निघाला नाही. मौनव्रतातल्या तीन माणसांची लाल गाडी तीसच्या वेगानं खर्र करत चालली होती. वेस आली. आता बाई उठते की नाही, एवढाच प्रश्न होता.

गाडी आळीत वळली. ओट्यावर एक किडकिडीत म्हातारी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. डोळे गेले तरी हात थांबले नव्हते. गाडी तिच्यापासून चार हातांवर थांबली. चरखा चालूच राहिला. भगवानराव उतरले. दार हळूच लावलं. बाईनं मान वर केली.

"कोण व्हय?" ती म्हणाली.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी आळीतल्या नालीकडे बघू लागलो, दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. भगवानराव गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते, त्या दोन काळ्या पट्ट्यांवर. आणि मग अगदी पडलेल्या आवाजात ते गाडीला म्हणाले, "पाह्य वं राणी. नाही ओळखलं आपल्याले."

चरखा थांबला.

"आला का गा भगवान?" बाई उठून उभी राहिली. "मंग इतका वेळ मुका काहून होता? जीव घाबरला ना मह्या. वाटलं, कोण आलं अन् बोलत नाही."

"बाई," भगवानराव म्हणाले, "टायरचा आवाज नाही आला तुले?"

"टायरचा?" बाई विचारात पडली. "टायर कोणाले ऐकू येते गा? वेशीच्या आत आला का तुह्यंच सुरू होते ना. सरक वं, जप वं, कोंबडी आली वं. ते ऐकलं का उठाचं, चहाचं आंधण ठेवाचं. त्या दिवशी एस. टी.नं आला अन् मुक्यानं उभा राह्यला, मले काय समजणार?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे. चार महिने, सगळी दुकानं आणि वाडीचं ऊन माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दुसरा कोणी असता तर मी त्याला तिथंच सुनावलं असतं.

बाई भावाचा चेहरा चाचपत होती. "लहानपणापासून असाच आहे हा," ती आमच्या दिशेनं म्हणाली. "मी मागावर बसली का हा मागं भुईवर बसे अन् रिकाम्या धोट्याशी बोले. पळ म्हणे, थांब म्हणे. मले मागावरून मान फिरवाले फुरसत नव्हती. पन बोलणं चालू आहे म्हणजे पोरगं जवळ आहे, एवढं समजे. थांबलं का जीव उडे." मग भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. "एस. टी.नं आला तरी बोलत येत जा. एस. टी.शी बोल."

"बोलतो," भगवानराव म्हणाले. रडून राहिले होते, पण बोलतो म्हणाले.

संध्याकाळी निघालो. बाई ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली. भगवानरावांनी खिडकीची काच पार खाली केली, मान बाहेर काढली आणि सुरू केलं. "चाल वं राणी. घाई नोको करू. जप वं, पुढं म्हशी आहेत. हो, येऊ दे, येऊ दे तिले. आता दुसरी आली वं." आळी संपली, वळण गेलं, वेस आली, तरी आवाज उतरेना, उलट चढतच गेला. मी मागच्या काचेतून पाहिलं. रस्त्यावर एकही म्हैस नव्हती.