डब्यातली घुरघुर

दमले बाई. हे सांगायलाही आता दम उरला नाही, पण नात वही घेऊन समोर बसली आहे आणि म्हणते, आजी, तू बोल, मी लिहिते. (लिहिणारी तीच, म्हणजे तिच्याबद्दल वाईट एक अक्षर येणार नाही आणि माझ्याबद्दलचं एकही सुटणार नाही.)

मला लिहितावाचता येत नाही. हात मात्र चालतात. पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवले. घरातली इस्त्री, टेबलफॅन, नळाची गळती, दाराचं कुलूप, जे बिघडलं ते मीच नीट केलं. एकदा शेजारणीचं भिंतीवरचं घड्याळ केसांच्या पिनेने चालू करून दिलं. ते अजून चालतं. मागे चालतं, पण चालतं. अशानं माणसाला माज येतो. मला आला होता.

नातीकडे एक गिटार आहे आणि त्या गिटारीचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर आहे. मी त्याला डबा म्हणते. चांगला टेबलाएवढा डबा, उचलायला दोघं लागतात. तिने तो कुणाकडून तरी जुना घेतला. महिनाभरापासून त्यातून घुरघुर यायला लागली होती. सारखी नाही. येते, थांबते, पुन्हा येते, आमचे हे झोपेत घोरतात तशी. ती कॉलेजातून आली की खिडकीजवळ डबा लावून वाजवायला बसते, मी तिथेच माझ्या मशीनवर असते. ती तारा छेडणार, डबा घुरघुरणार, ती कपाळावर हात मारणार. रोजचंच. पाय थकले की बसता येतं, पण कान थकले तर ते ठेवायचे कुठे?

तेही चाललं असतं. पण शनिवारी तिचा कार्यक्रम होता. मागल्या वर्षी पहिल्यांदा स्टेजवर गेली, हात थरथरले, अर्ध्यात उतरून आली, आणि मग चार महिने गिटारीला हात लावला नाही. आता कुठे पुन्हा तयार झाली होती. डबा इथलाच न्यायचा होता.

"या वेळी लोकांसमोर हा घुरघुरला ना आजी," ती म्हणाली, "तर मी परत कधी वाजवणार नाही."

सोमवारी रेडिओवाल्याकडे विचारून आली. कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे, सगळं दुरुस्त करतो. तो म्हणाला, हातात कामं आहेत, आठ दिवस लागतील.

आठ दिवस! मी मनात म्हटलं, आठ दिवसांत मी अख्ख्या लग्नघराचे कपडे शिवून दिलेत.

बुधवारी दुपारी नात कॉलेजात, मुलगा आणि सून कामावर. घरात मी आणि हे. मी म्हटलं, "अहो, नुसतं मागचं झाकण काढून धूळ पुसू."

"नुसती धूळ ना?"

"नुसती धूळ."

(आमच्या घरातली सगळी मोठी संकटं 'नुसतं'पासून सुरू झाली आहेत. लग्नसुद्धा. हे 'नुसतं बघायला' आले होते.)

डबा वळवला. मागे झाकणावर लाल अक्षरांत काहीतरी ठळक छापलेलं. मी विचारलं, "काय लिहिलंय हो?"

यांनी मान पुढे केली, मागे केली, जरा तिरकी केली. "कंपनीचा पत्ता आहे."

"एवढा मोठा?"

"मोठी कंपनी असेल."

बरं म्हटलं. प्लग काढला. तेवढी अक्कल आहे मला. स्क्रू काढून बटणांच्या डब्यात ठेवले, म्हणजे हरवणार नाहीत. आत पाहिलं तर काय, वायरींचा नुसता गुंता! कुणी असं काम शिवणात केलं असतं तर मी उसवायला लावलं असतं. मी जाड दोरा घेतला आणि सगळ्या वायरी एकत्र करून नीट बांधून टाकल्या. एक आखूड पडत होती, ती जरा ओढून घेतली. मग बटणं फिरवून पाहिली, खरखर लागली. मशीन कुरकुरलं की काय करतात? तेल. मी मशीनच्या तेलाचे चार थेंब प्रत्येक बटणाच्या मुळाशी सोडले.

"पुरे आता," हे म्हणाले.

"एक धाग्यांचा पुंजका राहिलाय आत. तेवढा काढते."

हात पोचेना. म्हणून माझी मोठी कात्री घेतली आणि टोक आत घातलं.

फट्ट!

निळा जाळ, आणि फटाका कानात फुटावा तसा आवाज. हे मागच्या मागे, शिवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगात जाऊन पडले. माझ्या हातून कात्री उडाली. अंगठ्याला घट्टे पडतात म्हणून मी तिच्या मुठीला चिंधी गुंडाळते, पंचवीस वर्षांची सवय. पात्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा पडला होता.

मग ढिगातून आवाज आला, "धूळ गेली का?"

आम्ही झाकण लावलं. एक स्क्रू उरला आणि एक शर्टाचं बटण कमी भरलं. हिशेब जुळतोय, असं हे म्हणाले.

संध्याकाळी नात आली. डबा लावला. दिवा लागला, आवाज नाही. घुरघुरही नाही, गिटारही नाही. मला वाटलं आता आदळआपट करेल. तिने काही केलं नाही. गिटार पिशवीत ठेवली आणि चेन लावली. त्या चेनीचा आवाज निळ्या जाळापेक्षा जास्त लागला मला.

"मी उघडला होता गं," मी म्हटलं.

"कळलं आजी. मागून दोरा लोंबतोय."

गुरुवारी सकाळी मी आणि हे डबा ढकलगाडीवर घालून रेडिओवाल्याकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, एरवी कधी हसत नाही. त्याने झाकण काढलं आणि हसला.

"हे शिवलंय कुणी?"

"सहज धूळ पुसली," हे म्हणाले.

"काका, यात शर्टाचं बटण आहे." मग त्याला तो काळा डाग दिसला आणि त्याचं हसू गेलं. "इथे काय घातलं होतं?"

मी पिशवीतून कात्री काढून टेबलावर ठेवली. त्याने टोक पाहिलं, चिंधी पाहिली, मग खाली स्टुलावर बसला.

"मावशी, प्लग काढला तरी या जुन्या डब्यात वीज साठून राहते. माणूस जागच्या जागी जाईल एवढी. मी वीस वर्षं हे काम करतोय, तरी असा डबा उघडताना एक हात खिशात ठेवतो. दोन्ही हात आत घालायची माझी हिंमत नाही. मागे एवढ्या मोठ्या लाल अक्षरांत लिहिलंय, उघडू नका, जिवाला धोका!"

मी यांच्याकडे वळले. "अहो! पत्ता म्हणालात ना?"

"चष्मा घरातल्या घरात सापडत नव्हता."

"मग दिसत नाही म्हणायचं!"

"तू म्हणतेस का कधी, येत नाही म्हणून?"

पन्नास वर्षांच्या संसारात यांनी मला असं दोनदाच पकडलं आहे.

आम्ही जायला उठलो तर रेडिओवाला म्हणाला, "बसा इथेच. बाकीची कामं थांबवतो. तुम्हाला घरी पाठवायची मला भीती वाटते." दोन तास बसलो. ओढलेली वायर त्याने परत जोडली, जळलेला भाग बदलला, तेल प्यालेली बटणं काढून नवी लावली. मग डबा चालू केला. आवाज कसा, स्वच्छ!

"घुरघुर गेली की!" मी म्हटलं. "तेलानेच गेली असणार."

"घुरघुर यात नव्हतीच, मावशी. मी सगळं तपासलं. बाहेरून येत असेल कुठून तरी."

मला ते पटलं नाही. बाहेरून कुठून येणार?

शनिवारी सकाळी नात सरावाला बसली. डबा गप्प, गिटार गोड. तिचा चेहरा उजळला. मी म्हटलं, चला, आपणही कामाला लागू. तिच्या काळ्या झग्याची तळाची पट्टी घालायची राहिली होती. मशीनवर बसले आणि पायाखालचं पॅडल दाबलं.

घुर्रर्र.

पाय उचलला. शांत. दाबला. घुर्रर्र.

नात वाजवायची थांबली. तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, जिथे डब्याचा आणि मशीनचा असे दोन्ही प्लग शेजारी शेजारी लावलेले होते, आणि मग अगदी सावकाश माझ्या पायाकडे.

"आजी, मशीनला मोटर कधी बसवली बाबांनी?"

माझे गुडघे दुखतात म्हणून मुलाने मोटर बसवून दिली होती. महिना झाला असेल.

"अगं, एवढी पट्टी होईपर्यंत..." मी म्हटलं.

"आजी. पाय वर."

झगा पिना लावून नेला. हॉल भरलेला होता. ती स्टेजवर आली, हात थरथरले, मला पहिल्या रांगेतून दिसले. पहिला सूर निघाला आणि मागे काही म्हणजे काही घुरघुरलं नाही. मग हात थांबले थरथरायचे. पूर्ण वाजवलं तिने, शेवटपर्यंत. संपल्यावर माइक घेऊन म्हणाली, "आजचा आवाज स्वच्छ लागला, तो माझ्या आजीच्या मदतीमुळे."

टाळ्या पडल्या. मी उभी राहून चारी बाजूंना हात हलवला. शेजारच्या खुर्चीतली बाई वाकून यांना विचारू लागली, "काय मदत केली हो आजींनी?"

हे चष्मा लावून आले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "आज सकाळपासून कशालाही हात लावलेला नाही."