पहारेकऱ्याची नजर

एका जंगलात सगळे ठीक चालले होते, मुलांनो. म्हणून तिथे संशोधन सुरू झाले.

त्या जंगलात टिपकी नावाची एक हरिणी होती. तिचे पाडस लहान होते. त्याला रोज पाणवठ्यावर न्यावे लागे आणि तिच्या जिवाला घोर लागे. पण पाणवठ्याकाठच्या जांभळीवर एक म्हातारे वानर बसलेले असे. ते चहूकडे बघे, अंग खाजवी, पुन्हा बघे. बिबट्या दिसला की खाकरे. ते खाकरले की टिपकी शेपूट वर करून पळे, आणि तिचे शेपूट बघून सगळा कळप पळे. हे कोणी कोणाला शिकवले नव्हते.

मग पिसारेसर आले. हे मोर. परदेशातल्या बागेत शिकून आलेले. आवाज जन्मजात कर्कश, त्यामुळे अभ्यासाचा विषय आपोआप ठरला होता: शब्दांवाचून संवाद.

"तोंड खोटं बोलतं, अंग खरं बोलतं," असे ते दिवसभर सांगत. त्यांचे तोंड काही मिटत नसे.

सरांनी ठरवले, पाणवठ्याचा पहारेकरी शास्त्रशुद्ध मुलाखत घेऊन नेमायचा. दोघे आले. वानर आणि बिबट्या.

वानराने सरांकडे एकदाच पाहिले. मग झाडीकडे, मग टेकडीकडे, मग पुन्हा पुन्हा शेजारच्या बिबट्याकडे. मध्येच काख खाजवली.

"नजर चुकवतो. चित्त थाऱ्यावर नाही. काहीतरी लपवतोय," सरांनी शेरा मारला.

बिबट्या पाठ ताठ करून, पंजे जुळवून बसला. त्याने सरांवरून नजर हटवली नाही. पापणीही लवू दिली नाही.

सर गहिवरले. "माझं बोलणं आजवर इतकं मन लावून कोणी ऐकलं नव्हतं."

बिबट्या पहारेकरी झाला.

टिपकीच्या अंगावर काटा आला. "सर, अहो, तो बिबट्या आहे."

"बाई, हे झाले शब्द. त्याचं अंग काय सांगतंय ते बघ. आणि स्वतःचे पायही बघ. बोलतेस माझ्याशी, पण खूर वळलेत रानाकडे. तुझा पूर्वग्रह तुझ्या खुरांत आहे."

कळप हसला. टिपकी ओशाळली. आपलेच काही चुकत असेल, असे तिला वाटले. दुसऱ्या दिवशी शेपूट खाली दाबून ती पाडसाला पाण्यावर घेऊन गेली.

वानराची नोकरी गेली होती, खोड गेली नव्हती. दूरच्या झाडावरून ते खाकरले.

टिपकीचे शेपूट तिला न विचारता वर गेले. पाडसाला डोक्याने ढकलत ती पळाली. कळप मात्र जागचा हलला नाही.

"शाबास," सर म्हणाले. "खाकरणं हा नुसता आवाज आहे."

मग नव्या पहारेकऱ्याचा बारकाईने अभ्यास करायला ते त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले. "हे पाहा, कान मागे घेतलेत. ही नम्रता. अंग जमिनीलगत झुकवलंय. हा आदर."

पिसे बरीच उडाली.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर शोकसभा भरली. पहिल्या रांगेत बिबट्या होता. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. कळपाच्या म्होरक्याने ते पाहिले आणि सगळ्यांना दाखवले. "सरांनीच शिकवलंय आपल्याला. असं दुःख नाटक करून आणता येत नाही."

टिपकीने बिबट्याच्या शेपटीचे टोक तेवढे पाहिले. ते हलत होते. कळपाला सावध करायला तिने पाय आपटला.

"शोकसभेत पाय आपटतेस? लाज वाटते का काही?" म्होरक्या म्हणाला.

टिपकी पाडसाला घेऊन वानराच्या झाडाखाली राहायला गेली.

पुढच्या शोकसभेला गर्दी बरीच कमी होती. म्होरक्याही आला नव्हता, कारण सभा त्याचीच होती.

तात्पर्य: जो आपल्या डोळ्यांत डोळे घालून पाहतो, त्याच्यावर खुशाल विश्वास ठेवावा. आपल्याकडे इतके लक्ष दुसरे कोण देणार?