गवतकापणीच्या यंत्रावरची होडी

आयुष्यात मी एकच यंत्र बनवलं आणि ते पहिल्याच झटक्याला सुरू झालं! हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत ऐकल्यावर माझ्याबद्दल कुणाचं फारसं चांगलं मत उरणार नाही.

मी एकतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून शिक्के मारले. यंत्रांशी माझा संबंध वजनकाट्यापुरता, आणि तो अडला की मी त्याला टपली मारायचो. यंत्रांतला माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. दादाचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पंपाला कान लावून तो आत काय बिनसलंय ते सांगायचा, अगदी डॉक्टरसारखा. फरक एवढाच की दादाचे पेशंट खात्रीने सुधारायचे.

आम्हा दोघांत मिळून एक होडी होती. लाकडी, सपाट बुडाची, दाराच्या फळीपेक्षा जरा मोठी एवढीच. दर रविवारी सकाळी ती तलावात ढकलायची. एक वल्हं त्याच्याकडे, एक माझ्याकडे. पलीकडच्या काठाला जायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत यायचं. बोलणं फारसं नसायचं. सतरा वर्षं हे चाललं.

मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. जिभेवर एकच शब्द उरला, 'बरं'. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, आलेला माणूस नकोसा झाला तरी बरं. वहिनीला मात्र त्यातला फरक कळायचा. ती स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकून पाणी घेऊन यायची किंवा खिडकी लावायची. मला सगळे बरं सारखेच ऐकू यायचे. मी भेटायला गेलो की पाच मिनिटांत माझे विषय संपायचे. दादा खिडकीबाहेर बघायचा, मी माझ्या चपलांकडे.

एकट्याने एक वल्हं मारलं तर होडी जागच्या जागी फिरते. हे मी करून पाहिलं आहे, तपशील विचारू नका. तेव्हा मनात आलं, होडीला मोटार बसवली तर? दादा नुसता बसेल, होडी आपोआप पलीकडे जाईल, आणि आमचा रविवार आम्हाला परत मिळेल.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक रोपवाटिका होती, ती तेव्हा बंद होत होती. तिथला माळी माझ्या ओळखीचा. शेडच्या मागचा भंगाराचा ढीग दाखवून तो म्हणाला, हवं ते न्या, मला तेवढंच झाडायला कमी. मी गवत कापायचं एक यंत्र उचललं, ते खांद्याला अडकवतात ना, तसलं. एका टोकाला पेट्रोलचं इंजिन, मधे लांब नळी, दुसऱ्या टोकाला पातं. मला तर ती जन्मतःच होडीची मोटार वाटली. पातं काढून पंखा लावायचा, की झालं! पंखाही त्याच ढिगात मिळाला, रोपांना वारा घालणाऱ्या जुन्या पंख्याची लोखंडी पाती. फाटकाच्या दोन बिजागऱ्या आणि फवारणीच्या नळीच्या चार पट्ट्या घेतल्या. माळ्याने एकदाच विचारलं, तुम्हाला येतं का हो हे सगळं? मी म्हटलं, आमच्या घरात ते रक्तातच आहे. रक्त दादाकडे गेलं होतं, हे सांगायची गरज नव्हती.

जुळवाजुळव मी दादाच्या अंगणातच केली, त्याच्या खुर्चीसमोर. तीन आठवडे लागले. सगळा पसारा मी जमिनीवर मांडायचो आणि दादा वरून बघायचा. मी काही चुकीचं उचललं की 'बरं' म्हणायचा, बरोबर उचललं तरी 'बरं'. मी ते सरसकट शाबासकीत जमा करत गेलो. इंजिनातून एक बारीक वायर बाहेर येत होती. ती कशाची ते कळेना, म्हणून मी कापून टाकली. त्या दिवशी दादा सलग सहा वेळा 'बरं' म्हणाला. मी भारावलो.

पंखा बसवला तेव्हा तर तो डाव्या हाताचं बोट हवेत गोल गोल फिरवायला लागला. एकदा एका बाजूने, मग थांबून दुसऱ्या बाजूने, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, म्हणतोय, फिरव आता, सुरू कर! मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, दम धर, रविवारी पाण्यातच फिरवू. त्याने बोट खाली घेतलं आणि डोळे मिटले. समाधानाने, असं मी समजलो.

रविवारी आम्ही त्याला चाकाच्या खुर्चीतून तलावावर नेलं. मी आणि माळ्याने उचलून त्याला होडीत मधल्या फळीवर बसवलं. वहिनीने त्याच्या अंगात तरंगायचं जाकीट घातलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. वल्ही मी काठावरच ठेवली. मोटार असताना वल्ही नेणं म्हणजे स्वतःवरच अविश्वास दाखवणं.

दोरी ओढली. इंजिन असं गरजलं की तलावातली बदकं पलीकडच्या काठाला गेली, म्हणजे आमच्या आधी. मी नळी पाण्यात सोडली आणि काठावर वहिनीकडे बघून हात हलवला. वहिनी लांब जायला हवी होती. ती जवळ येत होती.

होडी उलटी चालली होती. पंख्याच्या पात्यांचं वळण एका बाजूचं आणि इंजिन फिरत होतं दुसऱ्या बाजूला. हे मला आज कळतं. दादा तेच बोटाने सांगत होता. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मागची बुटकी फळी पाण्यात घुसते आहे आणि तलाव आत येतो आहे. इंजिन बंद करायला गेलो तर बंद करायचं बटण हलत होतं, पण इंजिन त्याचं ऐकत नव्हतं. बारीक वायर त्यासाठी होती.

"दादा, काय करू?" मी ओरडलो. बोलता न येणाऱ्या माणसाला मी हे विचारत होतो.

दादा फळीवरून बाजूला कलंडला, डाव्या हातावर अंग सरपटत माझ्यापर्यंत आला आणि इंजिनावरची एक छोटी कळ त्याने अंगठ्याने दाबून धरली. इंजिनाला हवा मिळेना, ते दोनदा खोकलं आणि गप्प झालं. तोवर आम्ही काठाच्या पायऱ्यांवर आदळलो होतो. होडी गुडघाभर पाण्यात शांतपणे बसली, आणि आम्ही तिच्यात.

दादाचे खांदे हलत होते. हसतोय असं वाटून मीही हसायला लागलो, चांगला मोठ्याने. मग त्याचा चेहरा दिसला. तो रडत होता. ओला, कमरेपर्यंत पाण्यात, डाव्या हाताने माझी बाही घट्ट धरून.

घरी त्याला कोरडं करून निजवल्यावर वहिनी बाहेर अंगणात आली. मी तिची माफी मागितली. म्हटलं, वहिनी, पंखा बदलतो, वायर जोडून घेतो, पुढच्या रविवारी नक्की पलीकडे नेतो त्याला.

"भाऊजी," ती म्हणाली, "ह्यांना आता पाण्याची भीती वाटते. अंघोळीच्या बादलीचीसुद्धा."

मग होडीत बसला कशाला, असं मी विचारलं.

"तुम्ही एवढं मन लावून करत होतात म्हणून." ती खाली पडलेला पाना उचलून पुसत राहिली. "पण हे तीन आठवडे रोज सकाळी उठून दाढी करून घ्यायचे माझ्याकडून. तुम्ही यायच्या आधी खुर्ची बाहेर हवी असायची. होडी नको होती हो त्यांना. हे हवं होतं."

होडी मी माळ्याला देऊन टाकली. पुढच्या रविवारी फक्त इंजिन घेऊन गेलो आणि दादाच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. म्हटलं, वायर तोडली, आता काय करू? त्याने डाव्या हाताने दाखवलं, मी जोडलं. उलटं जोडलं. त्याने पुन्हा दाखवलं. दुपार कशी गेली ते कळलं नाही.

दोन महिन्यांत इंजिन ठणठणीत झालं. तेव्हापासून शनिवारी घरी बसून मी त्यात काहीतरी बिघाड करतो आणि रविवारी तोंड पाडून ते घेऊन जातो. दादाचा हात आता मंद झालाय. एक नट फिरवायला कधी कधी अर्धा तास लागतो, आणि मधेच तो हातातला पाना विसरून बघत राहतो. डॉक्टरांनी वहिनीला काय सांगितलं ते तिने मला सांगितलं आहे. मी घाई करत नाही.

गेल्या शनिवारी मला बरं नव्हतं, म्हणून रविवारी इंजिन तसंच, धडधाकट नेलं. दादाने ते सुरू करायची खूण केली. सुरू झालं. एक मिनिटभर आम्ही दोघं ते ऐकत बसलो, आणि करायला काहीच उरलं नाही. मग दादाने ते बंद केलं. बराच वेळ खटपट करून त्यातला एक चांगला, घट्ट बसलेला नट सैल केला आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली.

तेव्हापासून तो नट माझ्या खिशात आहे. तो नेमका कुठून काढला, ते मी पाहिलंच नाही! डोळ्यांत पाणी आलं होतं.