लोहाची सकाळची फेरी

डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या अहवालावर तीन ठिकाणी पेनाने गोल काढले आणि चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ. अशा अवस्थेत सोळा तासांचा प्रवास मी करू देणार नाही."

साहेबांच्या बायकोचा चेहरा पडला. लेकीचं पहिलंच बाळंतपण पाच आठवड्यांवर आलं होतं, आणि आई आल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं लेक रोज फोनवर बजावत होती. बॅग भरून तयार होती. बाईंनी मग जरा मऊ होऊन सांगितलं की, गोळ्या देते, महिनाभर नीट खा, आकडा दहाच्या वर आला की खुशाल जा. शरीराला लोह काय, कॅल्शियम काय, बहुतेक जीवनसत्त्वं काय, स्वतः बनवता येत नाहीत. लागतात चिमूटभर, पण ती अन्नातूनच यावी लागतात.

बाई इथेच थांबल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जाता जाता त्या सहज बोलून गेल्या की लोहाच्या पदार्थावर लिंबू पिळा, त्याच्या आगेमागे चहा नको, दूधही जरा लांबच ठेवा. 'ड' जीवनसत्त्वासाठी थोडं ऊन घ्या, आणि जेवणात थोडं तेल-तूप असू द्या. बायकोने मान डोलावली. साहेबांनी मात्र खिशातून वही काढली.

साहेब एकतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं बनवत होते. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार आणि दोन गाड्या एका थांब्यावर एकदम येऊ नयेत म्हणून कोणती अडवायची, हे त्यांचं काम. निवृत्तीला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्यांना कुणी एक गाडीही अडवू दिली नव्हती. लोह पुढे, दूध मागे, मध्ये अंतर, हे ऐकताच त्यांच्या अंगात जीव आला. बायकोला लेकीकडे पोचवायचं होतंच, आणि ते आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमणार नाही याची त्यांना मनापासून खात्री पटली.

त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. लोहाची रेघ लाल, कॅल्शियमची निळी, लिंबातल्या 'क'ची पिवळी, 'ड'ची हिरवी. सकाळी साडेसहाला लोहाची पहिली फेरी, सोबत लिंबू. नऊपर्यंत रस्ता मोकळा, मग दूध. सगळं मनासारखं जुळत होतं. मग पालक आला.

दवाखान्यातून आणलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की पालकात लोह आहे आणि कॅल्शियमही आहे. ज्यांना दोन तास लांब ठेवायचं ते दोघे एकाच पानात बसून आलेले. साहेबांनी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या नर्सने सांगितलं, पालक खा. लाल रेघेवर की निळ्या, असं साहेबांनी विचारल्यावर तिने फोन ठेवून दिला. पुस्तिकेचं पुढचं पान तर कहरच होतं. मसुरात लोह भरपूर, पण ते लोह अडवणारं काहीतरीही त्याच मसुरात. अंड्यात 'ड' आहे, 'ब-बारा' आहे आणि थोडं लोहसुद्धा, म्हणजे ते कुठल्याही रेघेवर चालावं किंवा कुठल्याच नाही. साहेबांचा गोंधळ उडाला होता, पण गोंधळ उडाला हे कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी वादग्रस्त पदार्थांना पुढची वेळ दिली. पुढच्या वेळी पुन्हा अडचण आली की त्याच्याही पुढची.

चौथ्या दिवशी साडेदहाला बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"अहो, भूक लागलीय."

"आत्ता नाही. दूध जाऊन दीडच तास झालाय."

"मग नुसता भात खाते."

"भाताबरोबर काय?"

"काय असेल ते."

"काय असेल ते, असं वेळापत्रकात नसतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. "एकला वीस मिनिटं ऊन आहे तुला. तेवढं घेऊन ये."

या माणसाशी वाद घालायला जेवढं रक्त लागतं तेवढं आपल्यात सध्या नाही, हे बायकोला अहवालावरून माहीत होतं. तिने गोळी तेवढी वेळच्या वेळी घेतली आणि एक वाजता निमूटपणे उन्हाला म्हणून बाहेर पडली.

त्या दिवसापासून तिचं ऊन लांबत गेलं. वीस मिनिटांचा तास झाला, पुढे दीड तास. साहेब खूश होते. हिरव्या रेघेवर रोज बरोबरची खूण करताना ते स्वतःशीच म्हणत, 'ड'चं काम चोख चाललंय. बायकोला एकटं वाटू नये म्हणून ऊन सोडून बाकी तोच कागद ते स्वतःही पाळत होते. किंबहुना प्रत्येक फेरी आधी स्वतःवर चालवून बघत होते. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी यायची तेव्हा ते खुर्चीचा हात धरत आणि पुस्तिका उघडत. पुस्तिकेने अंधारी वाढायची.

तिसऱ्या आठवड्यात त्यांची पँट घसरायला लागली. तळमजल्यावर एक शिंपीण राहायची, तिच्याकडे ते ती आवळून घ्यायला गेले. शिंपिणीने टेप लावला आणि तोंडातल्या टाचण्या सावरल्या.

"साहेब, कमरेत दोन इंच गेलेत."

"शिस्त," साहेब म्हणाले.

"आणि वहिनींच्या ब्लाउजला मी परवाच अर्धा इंच सोडलाय," असं काहीतरी ती म्हणणार होती, पण तिने टाचण्यांचं निमित्त करून ते गिळलं.

महिना झाला. डॉक्टरीणबाईंनी नवा अहवाल उघडला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. दहा पूर्णांक सात. बायकोने पदराने डोळे टिपले. तिला खरोखरच रडू आलं होतं. साहेबांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून बाईंच्या टेबलावर पसरला.

बाईंनी तो आधी उभा पाहिला, मग आडवा. लाल रेघेवरून बोट नेत त्या निळ्या रेघेपर्यंत आल्या, परत मागे गेल्या.

"हे बुधवारचं कळत नाहीये मला. सकाळी नऊला दूध. पुढे पालक दोनला, मग खोडून चारला, मग खोडून गुरुवारी. यात जेवण कुठे आहे?"

"कुठे म्हणजे," साहेब वाकले. त्यांनी बुधवार पाहिला. मग शुक्रवार पाहिला. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही फेरी गळाली नव्हती, आणि इथे आठवड्यातली चार जेवणं डेपोतून सुटलीच नव्हती. त्यांचे कान लाल झाले.

"मग यांचं रक्त वाढलं कशावर?" बाईंनी विचारलं. "नुसत्या गोळ्यांनी चेहरा असा भरत नाही."

दोघांनी बायकोकडे पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"खाली शिंपीणताई एकटीच जेवते," ती म्हणाली. "मी उन्हातून जायची तिच्याकडे. कधी पालक-मसूर, कधी अंडी, कधी हरभरे. वर लिंबू. काय असेल ते."

बाईंनी हसू आवरलं आणि साहेबांना समजावलं की पोटात थांबे नसतात. लिंबू पिळा, चहा जेवणावर नको, एवढं पाळलं की पुरे. बाकी आठवडाभर पोटभर आणि निरनिराळं खाल्लं की एका घासात राहिलेलं दुसऱ्या घासात भरून निघतं. बोलता बोलता त्या थांबल्या आणि साहेबांच्या डोळ्यांखालची कातडी ओढून पाहू लागल्या.

"आणि हा कागद नक्की पाळला कोणी?"

साहेबांचं वजन साडेचार किलोंनी उतरलं होतं. दोन दिवसांनी त्यांचा अहवाल आला, त्यात 'ड' तळाला आणि 'ब-बारा' त्याच्या शेजारी. साहेब एवढेसे झाले. माझ्या महिनाभराच्या चुकीने एवढं झालं का, असं त्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं. बाई म्हणाल्या, छे, एवढी घसरण महिन्याची नसते. डेपोत दुपारी काय खायचात? चहा आणि टोस्ट, साहेब म्हणाले. किती वर्षं? एकतीस, बायकोने उत्तर दिलं.

आता बायकोचा पाय घरातून निघेना. तिकडे लेक वाट बघतेय आणि इकडे हा माणूस पालक कुठल्या रेघेवर घालायचा म्हणून उपाशी बसणार. बॅग दोनदा उघडून बंद झाली. शेवटी शिंपीणच वर आली आणि म्हणाली, वहिनी, तुम्ही जा, साहेब माझ्याकडे जेवतील. किती वाजता यायचं, असं साहेबांनी विचारलं. हातातलं शिवण संपलं की, ती म्हणाली. ते किती वाजता संपतं, असं विचारायला साहेबांनी तोंड उघडलं होतं, पण बायकोचा चेहरा पाहून मिटलं.

बायको गेली आणि वेळेवर पोचली. नवव्या दिवशी नात झाली. अकराव्या दिवशी तिने जरा निवांत होऊन घरी फोन लावला. नातीचं नाक कुणावर गेलंय ते सांगून झालं, लेक बरी आहे तेही सांगून झालं. मग तिने घसा खाकरला.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय होतं?"

"हरभरे होते. अजून एक पाल्याची भाजी होती. छान होती."

"किती वाजता जेवलात?"

पलीकडे साहेब विचारात पडले. मागून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"बघितलं नाही गं," ते म्हणाले.

बायकोने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं आणि तो लेकीच्या हातात दिला.

"तू बोल बाई," ती हळूच म्हणाली, "मला तुझ्या बाबांचं काही ठीक दिसत नाही."